ऑपरेशननंतर घरी केअरटेकर ठेवताय? काम, पैसे आणि जबाबदारी आधी ठरवून घ्या

गुडघ्याची वाटी बदलणं, मोडलेला खुबा बसवणं, हर्निया किंवा गर्भपिशवीचं ऑपरेशन, अशा कारणांसाठी पूर्वी पेशंट आठ-पंधरा दिवस दवाखान्यातच असायचा. आता बऱ्याच ऑपरेशननंतर तीन-पाच दिवसांत डिस्चार्ज मिळतो. टाके अजून काढायचे असतात, धरल्याशिवाय उठता येत नसतं आणि अशा अवस्थेत पेशंट घरी येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कितीतरी घरांत मुलं पुण्याला, मुंबईला नाहीतर गोव्याला नोकरीत असतात आणि घरी साठी-सत्तरीतले दोघंच. मग डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी "कुणी मावशी मिळतील का बघा" अशी फोनाफोनी सुरू होते.

अशा घाईत ठेवलेल्या माणसाबाबत दोन चुका होतात. जे काम त्याचं नाही ते त्याच्याकडून करून घेतलं जातं, आणि जे काम त्याचं आहे ते नीट सांगितलेलंच नसतं. पहिल्या चुकीने पेशंटच्या जिवाला धोका होऊ शकतो, दुसरीने पैसे जाऊनही पेशंटचे हाल होतात. दोन्ही टाळता येतात. त्यासाठी काय ठरवायचं, ते इथे एकत्र दिलं आहे.

केअरटेकर म्हणजे नर्स नव्हे

आपल्याकडे आया, मावशी, मामा, वॉर्डबॉय, अटेंडंट, केअरटेकर, ब्युरोची बाई, सगळी नावं एकाच अर्थाने वापरतात. वर "सिस्टर" म्हणून हाक मारायचीही पद्धत आहे. इथेच घोटाळा होतो.

नर्स म्हणजे एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेली आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली व्यक्ती. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा असतो. केअरटेकरला अशी नोंदणी नसते. काहींनी 'जनरल ड्युटी असिस्टंट' किंवा 'होम हेल्थ एड' हे कौशल्य विकासाचे छोटे कोर्स केलेले असतात. काहींना फक्त दवाखान्यातल्या कामाचा अनुभव असतो. हा अनुभव मोलाचा आहे, पण त्याने ती व्यक्ती नर्स होत नाही.

केअरटेकरचं काम काय: अंघोळ किंवा ओल्या कपड्याने अंग पुसणं, कपडे बदलणं, बेडपॅन-युरीनल देणं, डायपर बदलणं, उठवून बसवणं, वॉकर धरून चालताना सोबत राहणं, जेवायला मदत करणं, कूस बदलणं, पेशंटचे कपडे आणि अंथरूण स्वच्छ ठेवणं, औषधाची वेळ झाल्याची आठवण करणं आणि दिवसभरात काय झालं ते वहीत लिहिणं. गप्पा मारणं, पेपर वाचून दाखवणं हेसुद्धा यातच येतं.

काय करायचं नाही: इंजेक्शन, सलाईन, जखमेचं ड्रेसिंग, लघवीची नळी बदलणं, नाकातून जेवणाची नळी घालणं, इन्सुलिनचं प्रमाण ठरवणं, गोळी वाढवणं किंवा बंद करणं. "मी दवाखान्यात करत होते" असं कुणी म्हणालं तरी नको. ड्रेसिंगसाठी नर्सला तेवढ्यापुरतं घरी बोलवा किंवा दवाखान्यात जा. त्या एका व्हिजिटचे पैसे वाचवायला जाल आणि जखमेत पू झाला, तर दुसऱ्या ऑपरेशनची वेळ येऊ शकते. गुडघ्यात किंवा खुब्यात कृत्रिम सांधा बसवलेला असेल तर जंतुसंसर्ग फारच महागात पडतो.

डिस्चार्जच्या आधी विचारायचे प्रश्न

डिस्चार्ज कार्ड बहुतेक वेळा इंग्रजीत असतं. त्यावरचं अक्षर घरी गेल्यावर लागत नाही. त्यामुळे पुढच्या गोष्टी वॉर्डमध्येच विचारून मराठीत लिहून घ्या.

१. पायावर किती भार द्यायचा? पूर्ण, अर्धा की अजिबात नाही?
२. जखम ओली करायची का? अंघोळ कधीपासून?
३. टाके कधी काढायचे? ते गावाजवळच्या दवाखान्यात काढले तर चालतील का?
४. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, किती दिवस? आधीपासून चालू असलेल्या बीपी, शुगरच्या गोळ्यांचं काय?
५. कोणत्या हालचाली टाळायच्या आणि किती आठवडे?
६. रात्री-अपरात्री अडचण आली तर कुठल्या नंबरवर बोलायचं?

तिसरा प्रश्न सीमाभागात जास्त महत्त्वाचा. निपाणीचा पेशंट कोल्हापूरला किंवा मिरजेला ऑपरेशन करून येतो, चंदगडचा बेळगावला येतो, गोव्याहूनही लोक बेळगावला येतात. दर तपासणीला शंभर किलोमीटर गाडीत बसणं नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाला सोसत नाही. जवळच्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि औषधांची यादी यांची झेरॉक्स वेगळ्या फाईलमध्ये ठेवा.

केअरटेकर आधीच ठरला असेल तर डिस्चार्जच्या दिवशी त्याला वॉर्डमध्ये बोलवा. पेशंटला पलंगावरून कसं उठवायचं, वॉकर कसा धरायचा, हे फिजिओथेरपिस्ट दहा मिनिटांत दाखवतात. घरच्या एकानेही ते बघून ठेवावं.

घर तयार आहे का?

घरी आल्यावर पडणं हा ज्येष्ठांसाठी सगळ्यात मोठा धोका. पेशंट येण्याआधी एवढं करा.

पलंग खालच्या मजल्यावर आणि संडासाच्या जवळ असावा. वाटेतली पायपुसणी, सतरंज्या, लोंबणाऱ्या वायरी काढा. न्हाणीघरात रबरी मॅट आणि भिंतीला पकडायला दांडा बसवा. खोली ते संडास या वाटेवर रात्रभर छोटा दिवा चालू ठेवा. जुन्या घरांत उंबरा आणि न्हाणीघराची पायरी असते. तिथे सोबत कुणी नसताना पेशंटने जायचं नाही असा नियमच करा.

गुडघा किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना उकिडवं बसता येत नाही. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणावी लागते. ती, वॉकर आणि मागचा भाग वर होणारा पलंग या वस्तू भाड्यानेही मिळतात. महिना-दीड महिन्यासाठी विकत घेण्याची घाई नको. वॉकरची उंची महत्त्वाची. पेशंट ताठ उभा राहून हात खाली सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या पातळीला यायला हवी. फार उंच किंवा फार ठेंगणा वॉकर पाडतो.

ऑपरेशनप्रमाणे काळजी वेगळी

गुडघ्याची वाटी बदलली असेल तर झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवू नका. पेशंटला तसं बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहायला लागतो. सूज उतरावी म्हणून पाय उंच करायचा असेल तर उशी टाचेखाली, घोट्याखाली ठेवायची. व्यायाम करताना दुखतं म्हणून केअरटेकरने दया दाखवून तो टाळू नये, आणि डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त जोरही लावू नये.

खुब्याचा सांधा बदलला असेल तर बहुतेक डॉक्टर सुरुवातीचे काही आठवडे तीन गोष्टी टाळायला सांगतात. खुब्यात काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि बुटक्या आसनावर बसायचं नाही. म्हणजे पाटावर जेवण नाही, खाली पडलेली वस्तू वाकून उचलायची नाही. चप्पल, मोजे घालून देणं हे केअरटेकरचं काम.

पोटाचं ऑपरेशन असेल तर खोकताना, शिंकताना पोटावर उशी दाबून धरायची. उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळायचं, मग हाताने रेटून बसायचं. डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत भरलेली बादली, गॅस सिलिंडर, नातवंड, काहीही उचलायचं नाही. चार दिवसांत बरं वाटू लागलेली बाई पाचव्या दिवशी कणीक मळायला जाते. केअरटेकरने तेव्हा ते काम हातातून काढून घ्यावं.

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची. पण किती बदलायची, ऑपरेशनच्या बाजूवर झोपवायचं का, हे डॉक्टरांना विचारून. माकडहाड, टाचा, कोपर रोज उजेडात बघायचे. कातडी लाल झाली आणि बोट दाबून सोडल्यावरही लालच राहिली तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजा आणि लगेच कळवा. तिथे चोळू नका.

पथ्य आणि घरचे उपाय

भाताने टाके पिकतात, वरण वातूळ, दही थंड, पाणी कमी प्या, असं सांगणारे शेजारी प्रत्येक गल्लीत असतात. जखम भरायला शरीराला प्रथिनं लागतात. डाळ, उसळ, दूध, दही, अंडी, मासे, जे घरात चालतं ते द्या. शुगर, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर मात्र खाणं आणि पाणी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच. काही वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही. हिंडणं-फिरणंही कमी झालेलं असतं. त्यामुळे पाणी, फळं, पालेभाजी याकडे लक्ष हवं.

जखमेवर हळद, तेल, राख किंवा घरचा कुठलाही लेप लावायचा नाही. पाय सुजला म्हणून पोटरीला मालीशही करायची नाही. ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, आणि तशी गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. ती होऊ नये म्हणून अनेकांना रक्त पातळ करणारं औषध देतात. ते स्वतःहून थांबवू नका आणि त्याच्या जोडीला मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी देऊ नका.

गोळ्यांची जबाबदारी घरच्या एकाच माणसाकडे असावी. त्याने आठवड्याच्या गोळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा खणांच्या डबीत भरून ठेवायच्या. केअरटेकरने त्या त्या वेळी डबी पुढे करायची आणि गोळी घेतली की वहीत खूण करायची.

हे दिसलं तर थांबायचं नाही

केअरटेकरला तपासणी करायची नाही, पण बघायला आणि सांगायला यायला हवं. पुढची यादी भिंतीवर लावा.

डॉक्टरांना त्याच दिवशी फोन: ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त, जखमेतून पू, घाण वास किंवा थांबत नाही असं पाणी-रक्त, जखमेभोवती वाढत जाणारी लाली, गोळीनेही न थांबणारं दुखणं, सतत उलट्या, लघवी न होणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, पेशंट अचानक असंबद्ध बोलू लागणं.

थेट १०८: छातीत दुखणं, धाप लागणं, बेशुद्ध होणं, थोपवता न येणारा रक्तस्राव, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं, पडल्यावर उभं राहता न येणं. १०८ ही रुग्णवाहिका सेवा कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा तिन्हीकडे आहे. जवळच्या खासगी रुग्णवाहिकेचा नंबरही बाजूला लिहून ठेवा. पडलेल्या माणसाला घाईने ओढून उठवू नका. आधी विचारा, कुठे दुखतंय.

केअरटेकरला एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा: "काही वेगळं वाटलं तर आम्हाला रात्री दोन वाजता उठवा, आम्ही रागावणार नाही." मालक चिडतील या भीतीने गप्प बसलेली केअरटेकर फार मोठा धोका असतो.

पैशाचा हिशेब

दर गावागावाप्रमाणे आणि कामाप्रमाणे वेगळे असतात. म्हणून इथे दर न देता हिशेबाची रीत देतो. पाळी साधारण १२ तासांची किंवा २४ तास घरी राहण्याची असते. ब्युरोकडून माणूस घेतला तर नोंदणी फी किंवा कमिशन वेगळं लागतं.

उदाहरणापुरतं समजा, १२ तासांच्या पाळीला दिवसाला ७०० रुपये ठरले आणि मदत सहा आठवडे हवी आहे. दिवस-रात्र दोन पाळ्या सगळे ४२ दिवस ठेवल्या तर ५८,८०० रुपये होतात. पण पेशंटची गरज रोज सारखी नसते. पहिले दोन आठवडे दोन पाळ्या ठेवल्या तर १९,६०० रुपये. पुढचे दोन आठवडे फक्त दिवसाची एक पाळी, ९,८०० रुपये. शेवटचे दोन आठवडे सकाळी अंघोळ आणि चालण्यापुरती अर्धी पाळी ३५० रुपयांनी, ४,९०० रुपये. एकूण ३४,३००. फरक २४,५०० रुपयांचा. म्हणून "महिनाभर ठेवा, पैसे एकदम भरा" असं कुणी म्हटलं तर एका आठवड्याचंच ठरवा आणि दर आठवड्याला गरज बघून पुढचं बोला.

ब्युरोशी बोलताना हे कागदावर घ्या: पाळीचे तास, दर, कमिशन एकदाच की दर महिन्याला, माणूस आला नाही तर बदली किती वेळात, मधेच बंद केलं तर उरलेले पैसे परत मिळणार का, जेवण कुणाचं, सणाच्या दिवसाचा दर वेगळा आहे का. आधार कार्डाची प्रत आणि पोलीस पडताळणी मागा. पैसे शक्यतो ऑनलाइन द्या किंवा सही घेऊन द्या. घरातले दागिने, चेकबुक, एटीएम कार्ड आवरून ठेवा. त्याने संशयाला जागाच राहत नाही, आणि हे केअरटेकरच्याही भल्याचं आहे.

विमा देतो का? सरकारी योजना?

इथे बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. मेडिक्लेममध्ये डिस्चार्जनंतरचा खर्च ठरावीक दिवसांपर्यंत मिळतो, पण तो प्रामुख्याने औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांच्या फीचा असतो. विमा नियामक आयआरडीएआयच्या ६८ बाबींच्या यादीत अटेंडंटचा खर्च, खासगी नर्सचा खर्च, वॉकरसारखी चालण्याची साधनं, डायपर, एअर बेड हे सगळं येतं. या यादीतल्या बाबी पॉलिसीत वेगळ्या घेतलेल्या नसतील तर कंपनी ते पैसे देत नाही. तुमच्या पॉलिसीच्या शेवटी ही यादी जोडलेली असते, ऑपरेशन ठरलं की आधी ती वाचा. बिलं मात्र सगळी जपा. औषध आणि तपासणीची बिलं वेगळी, केअरटेकर आणि साधनांची वेगळी.

सरकारी योजनांचंही तसंच. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं व तपासणी धरलेली असते, महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत १० दिवसांची. ही दुसरी योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये घेतला. पण यापैकी कुठलीही योजना घरी ठेवलेल्या केअरटेकरचा पगार देत नाही. योजनेत ऑपरेशन फुकट झालं तरी नंतरच्या सहा आठवड्यांचे पैसे बाजूला काढून ठेवावेच लागतात.

भाषेचं काय?

आजींना फक्त मराठी येतं आणि मावशी कन्नड बोलणाऱ्या, असं बेळगावात सर्रास असतं. गोव्यात कोकणी, हैदराबादेत तेलुगू किंवा हिंदी. दिवसा निभावतं. रात्री दुखायला लागल्यावर, किंवा गुंगीत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला, परकी भाषा सुचत नाही. केअरटेकर निवडताना भाषा विचारा, आणि जुळत नसेल तर निदान पाच-सहा शब्द दोघांकडून पाठ करून घ्या. दुखतंय म्हणजे कन्नडमध्ये 'नोवु', पाणी म्हणजे 'नीरु', ताप म्हणजे 'ज्वर', चक्कर म्हणजे 'तले सुत्तु'. कोकणीत पाण्याला 'उदक' आणि औषधाला 'वखद'. भिंतीवरची यादी केअरटेकरला वाचता येईल त्या लिपीत लिहा. वाचता येत नसेल तर गोळ्यांच्या खणांना सूर्य, चंद्र अशी चित्रं काढा. पेशंटच्या हाताशी एक घंटी ठेवा. घंटीला कुठलीच भाषा लागत नाही.

केअरटेकरचीही बाजू

चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी बाई नव्हे. तिला सलग झोप, वेळेवर जेवण, झोपायला नीट जागा आणि आठवड्याची सुटी हवी. रात्री दर दोन तासांनी उठावं लागत असेल तर दुसरी पाळी ठेवा, नाहीतर घरच्यांनी रात्र वाटून घ्या. थकलेल्या माणसाच्या हातून पेशंट पडतो. धुणी-भांडी, सगळ्या घराचा स्वयंपाक तिच्या गळ्यात घालू नका. ठरलं असेल तर त्याचे पैसे वेगळे द्या. अठरा वर्षांखालची मुलगी या कामाला ठेवूच नका.

पेशंटचाही मान राखायचा. अंघोळ, डायपर यावेळी दार लावावं, अंगावर चादर असावी. बाईमाणसाला बाईच केअरटेकर असावी, आणि पुरुष पेशंटला काय हवं ते त्यालाच विचारावं. कपडे बदलण्याआधी "आता बदलू का" एवढं म्हटलं तरी म्हाताऱ्या माणसाची लाज राखली जाते. अंगावर वळ दिसले, पेशंट केअरटेकरसमोर बोलायचा थांबला, सारखा झोपेतच दिसू लागला, तर तिला बाजूला पाठवून पेशंटशी एकट्याने बोला. ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार करता येते आणि सल्लाही मिळतो.

जबाबदारी कुणाची?

केअरटेकर ठेवला म्हणजे घरच्यांचं काम संपलं असं होत नाही. पुण्यातल्या मुलाने पैसे पाठवले, मुंबईतल्या मुलीने रोज व्हिडिओ कॉल केला, तरी निर्णय घेणारा एकच माणूस ठरलेला हवा. तो गावात नसेल तर पंधरा मिनिटांत घरी पोचेल असा नातेवाईक किंवा शेजारी दुसरा. या दोघांचे नंबर, डॉक्टरांचा नंबर, १०८, औषधांची यादी आणि धोक्याच्या खुणा एवढं एका कागदावर लिहून पलंगाशेजारच्या भिंतीवर लावा. डिस्चार्जची तारीख कळली की आधी हा कागद तयार करा आणि मग केअरटेकर शोधायला लागा.